मुशीच्या तेलाची बाटली

आये, आज सकाळी औषधाच्या दुकानात मी दुकानदाराला इतकं विचारलं, की माझ्या मागे उभा असलेला माणूस कंटाळून समोरच्या दुकानात निघून गेला. वयामुळे रोज एक गोळी घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, जीवनसत्त्वं आणि खनिजं असलेली, कुठलीही चांगली. आता कुठलीही आणि चांगली हे दोन शब्द एका दमात आले की माझं डोकं तुझ्यासारखं चालायला लागतं. काय काय आहे, किती किती आहे, कधी तयार झाली, दुकानात कुठे ठेवली होती, सगळं विचारलं. काचेच्या कपाटात उन्हाकडे तोंड करून मांडलेली डबी त्याने पुढे केली तेव्हा म्हटलं, ही नको, आतली दे. तुझी नात बरोबर होती. ती लाजून बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. ती आता पन्नाशीला आली, केस पिकले, पण आईने चारचौघांत असं काही केलं की तिला अजून लाज वाटते. मी तिला काही बोलले नाही. कारण अशीच मीही एकदा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले होते, आणि त्या दिवशी ती माझ्या कडेवर होती, तीन महिन्यांची.

त्या वर्षाबद्दल आपण पुढे कधी फार बोललो नाही. तू कधी काही काढलं नाहीस आणि मी तर मुद्दामच टाळलं. म्हणून आज लिहायला बसले आहे. आपलं घर खाडीपलीकडे भाट्याला, माडांच्या सावलीत. बाबा माड काढायचे, म्हणजे माडावर चढून माडी उतरवायचे. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्यानंतर तू काथ्या कुटून, सुंभ वळून आपलं घर चालवलंस आणि मला शिकवलंस. तुला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण माझी पाटी कोरी राहिलेली तुला लांबून कळायची. मी सातवीची फायनल पास झाले, खाडीअलीकडे रत्नागिरीत मुलींच्या मराठी शाळेत शिकवायला लागले, आणि तेव्हापासून मला घरातल्या एकेका गोष्टीचा वास यायला लागला. सुकटीचा वास, भिजत घातलेल्या काथ्याचा वास, नाचणीच्या आंबिलाचा आंबूस वास. शाळेत बाकीच्या बाया वरणभाताचं बोलायच्या. मग मी घरात गिरणीचा पांढरा तांदूळ आणायला लावला. आपला लालसर, घरी उखळात सडलेला तांदूळ तू एकटी खायचीस आणि माझ्या पानात तो पांढरा शुभ्र भात वाढायचीस. तू एकदाच म्हणालीस, "दिसायला देवाचा भात हाय, पण ह्याला चव कसली ती नाय." मी ऐकलं नाही. पालेभाजी बाजूला सारायची, मासळी कधीमधी, नाचणी तर अजिबात नाही. मी सुधारत होते ना.

लग्न झालं, हे बोटीवर नोकरीला. वर्षातले दहा महिने समुद्रात आणि उरलेल्यांतले निम्मे मुंबईत. त्यामुळे मी तुझ्याजवळच राहिले आणि बाळंतपणही तुझ्याच घरात झालं, पावसाच्या तोंडावर. पोरगी चांगली गुटगुटीत झाली. मी मात्र उतरत गेले. जिना नव्हता आपल्या घराला म्हणून बरं, नाहीतर मी त्यावर बसून श्वास घेतला असता. आणि श्रावण लागला तशी आणखी एक गोष्ट सुरू झाली, जी मी तुला सांगितली नाही. तिन्हीसांज झाली की माझ्या डोळ्यांसमोर कोणी पडदा ओढल्यासारखं व्हायचं. दिवसा लख्ख दिसायचं, सुईत दोरा ओवता यायचा. पण सूर्य बुडाला, की घरापुढचं खळं, दगडी गडगा, तुळस सगळं एकाच काळ्या गोळ्यात जायचं. मी हाताने चाचपून चालायची आणि पायाने पायरी शोधायची. तुला वाटावं मी दमलेय, म्हणून दिवेलागणीच्या आधीच पडवीत पोरीला घेऊन बसायची ती तिथून हलायचीच नाही.

एका संध्याकाळी तू विहिरीवर होतीस आणि तुळशीजवळ दिवा ठेवायचा राहिला होता. मी पोरीला कडेवर घेऊन उठले. पायरी मला जिथे वाटली तिथे ती नव्हती. मी बसकण मारली, थेट खळ्यात. दिवा एकीकडे, पणतीतलं तेल पायावर. पोरीला मी वर धरलं होतं म्हणून तिला काही झालं नाही. उलट तिला गंमत वाटली आणि ती खिदळायला लागली. तू कळशी खाली ठेवल्याचा आवाज मला आला. तू जवळ आलीस आणि पोरीला घेतलंस. मग म्हणालीस, "किती बोटा हायत सांग."

मी म्हटलं, तीन.

"मी हात वर केलाच नव्हता गो," तू म्हणालीस.

मग मला सगळं सांगावं लागलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला दिवाळीनंतर हजर व्हा म्हणून सांगितलं होतं, आणि हेही सांगितलं होतं की माझ्या जागेवर यायला एक बाई तयार आहेत. शाळा पाचला सुटायची. थंडीच्या दिवसांत तरीवर, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीपाशी, पोचेपर्यंत अंधारायला लागायचं. त्या होडीत चढायचं म्हणजे ओल्या फळीवरून पाय टाकत जायचं, आणि पलीकडे उतरून माडांतून घरापर्यंत एकटीने यायचं. आंधळ्या मास्तरणीला कोण ठेवणार होतं? मी रडत होते. तू माझी पाठ थोपटली नाहीस. एवढंच म्हणालीस, आधी सांगितलं असतंस तर एक महिना वाचला असता. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, तू घाबरली होतीस आणि घाबरलीस की तू हिशोबाने बोलायचीस.

आपण डॉक्टरकडे जायच्या आत एक गंमत झाली. ह्यांना मी पत्रात नुसतं अशक्तपणा वाटतो एवढंच कळवलं होतं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या आणि गावातल्या एका माणसाबरोबर त्यांनी मुंबईहून एक पार्सल पाठवलं. आत गवतात गुंडाळलेली केवढी तरी सुंदर बाटली होती. लेबलावर सिंहाच्या जबड्यात हात घातलेला पैलवान. रोज दोन चमचे घ्यायचे असं ह्यांनी लिहिलं होतं. मला तर ती बाटली पाहूनच निम्मं बरं वाटलं. तू बूच काढलंस, नाकाजवळ नेलीस, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावलास, आणि तुझ्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. "ही माडीची मोठी बहीण हाय," तू म्हणालीस. माड काढणाऱ्याची तू मुलगी आणि माड काढणाऱ्याचीच बायको. तुला वास चुकणं शक्य नव्हतं. मी लेबल वाचलं, तर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात खरंच मद्यार्क असल्याचं लिहिलेलं होतं. अंगावर पिणारं मूल असताना मला ते तू देणार नव्हतीस. पण जावयाने एवढ्या प्रेमाने पाठवलेलं फेकून तरी कसं द्यायचं? तू ते आपल्या गुडघ्यांना चोळायला घेतलंस. दिवाळीपर्यंत बाटली संपवलीस आणि मला ह्यांना लिहायला लावलंस की औषध फार गुणकारी आहे, घरात उठणंबसणं सोपं झालं. पत्रात एक अक्षर खोटं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात तेव्हा एक म्हातारे डॉक्टर होते, हळू बोलणारे. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, जीभ पाहिली. मग काय जेवता म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तू माझ्या पानाचा सगळा पाढा वाचलास. पांढरा भात, पातळ वरण, पाला नको, नाचणी नको, सुकटीचा वास येतो. मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटलं. डॉक्टर मात्र मान डोलवत होते. ते म्हणाले, अन्नात अशी काही सत्त्वं असतात की ती डोळ्यांना दिसत नाहीत, लागतात कणभरच, पण ती नसली तर पोट भरूनही माणूस उपाशी राहतो. त्यांना हल्ली जीवनसत्त्वं म्हणायला लागलेत. मूल आपला वाटा आईकडून घेतं, आणि आईकडेच नसलं तर ती रिकामी होते. माझं रक्तही पातळ झालं होतं, त्यात लोखंड कमी होतं. एक लोखंडाचं औषध त्यांनी तिथूनच दिलं आणि डोळ्यांसाठी बाजारातून माशाच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल आणायला सांगितलं. विलायतेहून येतं, बाटलीत मिळतं, रोज एक चमचा.

तू जागची हलली नाहीस. म्हणालीस, "दाक्तर, ता सत्त्व दिसत नाय म्हणता. मग बाटलीत ता हाय की नाय, ता आम्ही कसा वळखायचा?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. मला वाटलं आता रागावणार. पण ते हसले आणि म्हणाले, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढून तुला समजावून सांगितलं. तेल असेल तर ऊन आणि वारा त्याचा शत्रू, म्हणून काळपट बाटली घ्यावी आणि सावलीतली घ्यावी. खवट वास आला तर सत्त्व गेलं समजावं. कशात किती आहे ते बाटलीवर लिहिलेलं असावं, आणि जी बाटली सगळ्या रोगांवर चालते म्हणते ती घेऊ नये. चांगलं आहे म्हणून दुप्पट घेऊ नये, ते अंगावर येतं. आणि बाटलीने भागेल असं समजून पानातलं सोडू नये, कारण पानात जे येतं ते सगळं अजून कोणाला बाटलीत भरता आलेलं नाही. तू हे एकदाच ऐकलंस. वाटेत मला परत परत म्हणून दाखवलंस, शब्द न शब्द. मास्तरीण मी होते, पण पाठांतर तुझं होतं.

बाजारातल्या त्या दुकानात आपण गेलो ती भर दुपार होती. दुकानदाराने तीन बाटल्या काढून ठेवल्या. माझा जीव सोनेरी अक्षरांच्या बाटलीवर गेला. तू मला लेबल मोठ्याने वाचायला लावलंस. अशक्तपणा, केस गळणे, विसराळूपणा, मूल न होणे, जुना खोकला, परीक्षेत अपयश. तिथे तू मला थांबवलंस आणि दुकानदाराला विचारलंस की ह्यात नक्की काय आहे. तो म्हणाला, कंपनीचं गुपित आहे. तू ती बाटली एका बोटाने बाजूला सारलीस. दुसरी बाटली माशाच्या तेलाचीच होती, पण पांढऱ्या काचेची, आणि दर्शनी फळीवर ऊन खात उभी असलेली. तू बोट लावून पाहिलंस, काच गरम होती. ही कधी आली म्हणून विचारलंस. तो म्हणाला, नवीनच आहे. तू म्हणालीस, नारळी पौर्णिमेच्या आधीची की नंतरची? पावसाळाभर बोट बंद असते हे त्यालाही माहीत आणि तुलाही. म्हणजे आधीची असेल तर ती निदान वैशाखापासून त्या उन्हात उभी. त्याने ती बाटली मागे सरकवली. दुकानात आणखी दोघेतिघे होते, ते आता आपलं सामान विसरून ऐकत होते. त्यात आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील होते. मी पोरीला घेऊन बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिले आणि रस्त्यावरून जाणारी बैलगाडी फार मन लावून पाहू लागले.

आतून आवाज येत होता. तू बूच उघडायला सांगत होतीस, तो नाही म्हणत होता. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आजी, तुम्ही औषध घ्यायला आलात की मासळी?"

"दोन्ही पोटातच जायची हायत," तू म्हणालीस.

त्यावर तिथे उभे असलेले सगळे हसले, आणि मला आश्चर्य वाटलं, दुकानदारही हसला. तो मागच्या खोलीत गेला. नुकत्याच आलेल्या खोक्यातली एक काळपट, लहान बाटली घेऊन आला. तिच्यावर ना पैलवान ना सोनं. तू मला आत बोलावलंस. मी वाचलं. कुठल्या माशाचं तेल, किती प्रमाण, किती घ्यायचं, थंड जागी ठेवा. एवढंच. त्याने आपण होऊन बूच उघडून तुझ्यासमोर धरलं. तू वास घेतलास, जसा तू बांगड्याचा कल्ला उचलून घ्यायचीस तसा, आणि म्हणालीस, ही ताजी हाय.

मग आपल्या घरात जे सुरू झालं त्याची आठवण आली की मला अजून हसू येतं. लोखंडाच्या औषधाने दात काळे पडतात म्हणून डॉक्टरांनी नळीने प्यायला सांगितलं होतं. तू पपईच्या देठाची नळी करून दिलीस. मी पडवीत बसून पपईच्या देठाने औषध ओढतेय आणि समोर माझी पोरगी ते बघून तोंडाचा चंबू करतेय, असं रोज सकाळी. तेल मी नाक दाबून घ्यायची आणि वर कोकमाच्या सोलाचा तुकडा चोखायची. पानातला पांढरा भात तू कोणाला न विचारता बंद केलास. शेवग्याचा पाला, लाल माठ, टाकळा, वालाची उसळ, नाचणीची भाकरी, आणि लोखंडाच्या तव्यावर भाजलेले बांगडे. मी तोंड वाकडं केलं की तू म्हणायचीस, दाक्तरांनी सांगितलेलं मी तुला परत म्हणून दाखवू काय? आणि खरंच म्हणून दाखवायचीस. रोज तिन्हीसांजेला खळ्याच्या टोकाला उभी राहून तू बोटं वर करायचीस. पहिले आठ दिवस मी नुसते अंदाज बांधले आणि तू "नाय" म्हणालीस. मग एके दिवशी तुझ्या हाताच्या जागी काहीतरी फिकट हललेलं दिसलं. दोन दिवसांनी बोटं मोजता आली नाहीत, पण ती आहेत एवढं कळलं. आणि नवरात्र बसायच्या आदल्या संध्याकाळी मी पडवीतून म्हटलं, दोन. तू आत गेलीस आणि भांडी घासायला लागलीस, जी दुपारीच घासून झाली होती.

पण ती बाटली लहान होती. दिवाळीच्या आधी तिने तळ गाठला, आणि मला अजून पूर्ण दिसत नव्हतं. काळोख दाटला की पुन्हा पडदा यायचा. आपण दुकानात गेलो तर दुकानदार तुला पाहून उठून उभा राहिला. त्या खोक्यातल्या सगळ्या बाटल्या गेल्या होत्या. राहिल्या होत्या त्या जुन्या. तो स्वतःच म्हणाला, ह्या तुम्हाला देत नाही, तुम्ही घेणार नाही. पुढचं खोकं कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मला रडू आलं. तू दुकानातून सरळ दवाखान्यात गेलीस आणि डॉक्टरांना विचारलंस की त्या विलायती माशाच्या काळजात जे आहे ते आमच्या मुशीच्या, म्हणजे इथल्या लहान शार्क माशाच्या, काळजात असेल काय. ते आधी हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, असायला हवं, पण मी तपासलेलं नाही आणि तपासायचं साधन माझ्याकडे नाही. घेऊन या, बघू.

खाडीकाठच्या राजिवड्याची मासेवाली तुझी जुनी मैत्रीण. तुझं सुंभ त्यांच्या होड्यांवर जायचं. ती मुशीची काळजं पिंपात टाकून उन्हात कुजू द्यायची आणि जे तेल सुटेल ते होडीच्या फळ्यांना चोपडायला विकायची. त्या पिंपाचा वास आपल्या किनाऱ्यापर्यंत यायचा. तू तिच्याकडे त्याच सकाळी पकडलेल्या मुशीचं काळीज मागितलंस. ती म्हणाली, हे तेल होडीचं बाय, पोटात कोण घेतो? तू कारण सांगितलंस तशी तिने स्वतः निवडून, धुऊन दिलं. तू मडक्यात घालून ते मडकं उकळत्या पाण्यात ठेवलंस, मंद आचेवर. तेल वर आलं ते हलक्या हाताने काढलंस, दोनदा फडक्यातून गाळलंस, आणि त्या विलायती बाटलीतच भरलंस. डॉक्टरांनी वास घेतला, जिभेवर थेंब घेतला, उजेडात धरून पाहिलं. ते म्हणाले, ताजं आहे, स्वच्छ आहे. पण किती कडक आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून चमच्याने नको, थेंबाने द्या. पाच थेंब, वर एकही नाही. आठवड्याने दाखवायला आणा.

मी घ्यायला नकार दिला, आठवतं? विलायती बाटलीतलं मी नाक दाबून घेत होते, पण हे होडीचं तेल. शाळेत कोणाला कळलं तर? असं मी बोलूनही दाखवलं. तू बाटली कणगीत भातामध्ये थंडाव्याला ठेवत होतीस. तू वळलीस. इतकी शांत बोललीस की मी अजून तो आवाज विसरलेले नाही.

"वास तुला दोन घटका येईल. डोळे तुला जन्मभर लागतील. आणि ह्या पोरीला आई बगणारी लागंल. शाळेला काय लागता ता माका सांगू नको."

मी पाच थेंब घेतले. दुसऱ्या दिवशी सांगितल्याशिवाय घेतले. तू दर आठवड्याला ताजं तेल काढत राहिलीस, जुनं गुरांच्या गोठ्याच्या दाराला लावायला टाकलंस. डॉक्टर दर आठवड्याला माझी पापणी बघत आणि तुझ्याशी गप्पा मारत. माझ्याशी कमी, तुझ्याशी जास्त.

दिवाळी झाली आणि मी शाळेत हजर झाले. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी मला मुद्दाम सहाच्या सुमारापर्यंत थांबवून घेतलं, वह्यांच्या निमित्ताने. मी तरीवर आले तेव्हा सूर्य बुडून गेला होता. आकाशात थोडासा तांबूस राहिलेला, पाणी काळं. फळी मला दिसली. फळीवरची ओल दिसली. नावाड्याच्या पागोट्याची कड दिसली. मी कोणाचा हात न धरता चढले आणि बसले. होडी अर्ध्यावर आली तेव्हा पलीकडच्या वाळूत कोणीतरी उभं असलेलं मला दिसलं. कडेवर मूल. तू काठावर येऊन हात वर केलास. मी होडीतच उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, चार. नावाडी म्हणाला, बाई, खाली बसा, चार काय? मी म्हटलं, काही नाही, माझी परीक्षा होती.

पुढे दुसरी मोठी लढाई सुरू झाली, विलायती तेल यायचं बंद झालं, आणि मुशीच्या तेलाच्या बाटल्या सरळ दुकानात विकायला आल्या, व्यवस्थित लेबल लावून, प्रमाण छापून. आपल्या दुकानदाराने पहिली बाटली तुला बोलावून दाखवली. तू बूच उघडून वास घेतलास आणि म्हणालीस, बरी हाय. त्याला तेवढं पुरलं. तुझ्या उतारवयात आळीतल्या बाळंतिणी तुला विचारायला येत, कुठली बाटली घेऊ. तू प्रत्येकीला आधी विचारायचीस, जेवतेस काय? आणि निम्म्याजणींना बाटली न घेताच घरी पाठवायचीस, पाल्याची जुडी देऊन.

हे सगळं मी इतक्या मोकळेपणाने लिहितेय, पण एक गोष्ट राहिली. मी शाळेत परत हजर झाले त्याच सुमाराला आमच्या शाळेत आयांचा मेळावा झाला होता. मोठ्या बाईंनी मला आरोग्यावर बोलायला सांगितलं. मी चांगली अर्धा तास बोलले. जीवनसत्त्व म्हणजे काय, बाटली कशी निवडावी, काळपट काच का, प्रमाण का वाचावं, सगळ्या रोगांवरचं एक औषध का घेऊ नये, पान आधी आणि बाटली नंतर. बायका मान डोलवत होत्या. शेवटी कोणीतरी विचारलं, बाई, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? मी म्हटलं, पुस्तकं वाचून, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. तू शेवटच्या रांगेत, खांबापाशी, धुतलेलं लुगडं नेसून बसली होतीस. मी तुला पाहिलं होतं. आता मला चांगलं दिसत होतं. होडीचं तेल, मुशीचं मडकं, दुकानातले तुझे प्रश्न, ह्यातलं एक अक्षर मी उच्चारलं नाही. घरी येताना तरीत तू म्हणालीस, "चांगला बोललीस गो." आणि पाण्यात हात सोडून बसलीस. तुझ्या आवाजात काही कमीजास्त नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

आज मी तुझ्या नातीला ही सगळी हकीकत सांगितली. तिला हसू आलं, मग ती बराच वेळ माझ्या डोळ्यांकडे बघत राहिली. म्हणाली, हे तू आजीला कधी बोलून दाखवायला हवं होतंस गं. म्हणून हे लिहायला घेतलं. पाठवायचं कुठे, ते मला माहीत नाही, आणि तसंही तुला अक्षर येत नव्हतं. तू समोर पडवीत बसली असतीस तरी हे पत्र मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं. आणि आये, खरं सांगते, त्या मेळाव्याचा मजकूर आला असता, की मी पान उलटून पुढचं वाचलं असतं.